पाळी येण्याआधीच सांगा

दिवाळीच्या सुमारास खान्देशात कापूस वेचणीला येतो. चोपडा, धरणगाव, शिंदखेड्याच्या शिवारात बायांच्या ओळी लागतात. शाळेला सुटी असली की पाचवी-सहावीतल्या पोरीही आईसोबत कमरेला ओटी बांधतात. एखादीची पहिली पाळी इथंच, पऱ्हाटीत यायची. ना आडोसा, ना पाणी. आधी कुणी बोललंच नसेल, तर आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असंच तिला वाटणार.

शरीर मात्र फार आधी सूचना देतं. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान छातीत लहानशी गाठ येते, ती दुखते. तिथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. त्याआधी काही महिने अंगावरून पांढरं जाऊ लागतं. आईच्या हाती एवढा वेळ असतो. ‘मोठी झाली की कळेल’ म्हणत तो घालवू नका.

तिला सांगा, हे जखमेचं रक्त नाही. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला गळून पडतं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. पहिली एक-दोन वर्षं तारीख पुढेमागे होतेच.

काही घरांत मुलीला अजून बाजूला बसवतात. ती सर्वांत घाबरलेली असते, त्याच दिवशी तिला एकटं पाडायचं? मला हे क्रूर वाटतं. जवळ घेऊन “पोट दुखस का माय?” एवढं विचारलं, तरी तिला धीर येतो.

पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. भुसावळ-जळगावचं ऊन उन्हाळ्यात 45 अंशांवर जातं. त्या उन्हात गच्च्यांवर बिबडे, कुरडया, मिरच्या वाळतात. पाळीचं कापड मात्र न्हाणीच्या अंधारात, परकराखाली ओलंच राहतं. साबणानं धुऊन तेही दोरीवर, उन्हात घाला. घरातल्या पुरुषांना दिसलं तर दिसू द्या. वडिलांनीही मेडिकलमधून पॅड आणावेत.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, तिच्यावर लगेच चहा नको.

पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, आठच्या आधीच छाती वाढू लागली, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बोलायला संकोच वाटला, तर गावातल्या आशाताईंना सोबत न्या.