एफबीआयच्या एजंटला नारळ कोण देतं?

(पडद्यावर वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरची एफबीआयची काँक्रीटची बिल्डिंग)

फेब्रुवारी २०२५, पहिला सोमवार. एफबीआय म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था, तिच्या हजारो लोकांना दुपारी तीनच्या आत एक फॉर्म भरून द्यायचा होता. तुमचं पद काय, ६ जानेवारी २०२१ला ट्रम्प समर्थकांनी अमेरिकेच्या संसदेवर हल्ला केला त्याच्या तपासात तुम्ही काय काय केलंत, कोणाला अटक केली का, कोर्टात साक्ष दिली का, असे प्रश्न. म्हणजे पोलिसाला विचारायचं की तू चोर पकडलास का, आणि हो म्हणाला की त्याचं नाव यादीत.

कुठली केस करायची हे एजंट स्वतः ठरवत नाही हो. वरिष्ठ फाइल देतात, तो कामाला लागतो. आणि हा तपास एवढा अवाढव्य होता की देशभरातल्या ऑफिसांतून माणसं त्यात ओढली गेली, दीड हजारांच्या आसपास आरोपी, व्हिडिओचे ढीग, कोर्टाच्या तारखा. मग २० जानेवारी २०२५ला ट्रम्प परत आले आणि त्याच दिवशी जवळपास सगळ्या आरोपींना माफी देऊन टाकली. अकरा दिवसांनी न्याय खात्यातले प्रभारी क्रमांक दोन एमिल बोव्ह यांची ऑर्डर आली की एफबीआयच्या आठ वरिष्ठांना बाहेरचा रस्ता दाखवा, आणि या तपासात ज्याचा ज्याचा हात लागला त्या प्रत्येकाचं नाव द्या.

(ब्रायन ड्रिस्कॉल यांचा फोटो)

तेव्हा एफबीआयच्या खुर्चीत होते ब्रायन ड्रिस्कॉल. ओलिसांना सोडवणाऱ्या कमांडो टीमचं नेतृत्व केलेला माणूस, आणि प्रभारी डायरेक्टर झाला तो कसा, तर व्हाइट हाऊसच्या वेबसाइटवर चुकून त्याचं नाव पडलं आणि मग ते तसंच राहू दिलं. त्यांनी स्टाफला इमेल करून स्पष्ट सांगितलं की या यादीत मी स्वतःपण येतो. नावं द्यायचं त्यांनी टाळलं, आधी फक्त कर्मचारी क्रमांक पाठवले, पाच हजारांच्या वर, त्यावरून बोव्ह यांनी वरिष्ठांचा आदेश मोडल्याचा आरोप केला, आणि शेवटी नावं द्यावीच लागली. एजंट कोर्टात गेले, कारण ही नावं बाहेर फुटली तर माफी मिळालेले लोक उद्या घरापर्यंत येतील ही भीती काही उगाच नव्हती. तेव्हा सरकारला कोर्टापुढे कबूल करावं लागलं की आधी कळवल्याशिवाय यादी जाहीर करणार नाही.

आपल्याकडे याच सुमारास एफबीआयची जी बातमी गाजली ती ट्रम्प यांनी डायरेक्टरपदासाठी निवडलेल्या काश पटेल यांची. गुजराती आईवडिलांचा मुलगा, सिनेटच्या सुनावणीत आईवडिलांना जय श्रीकृष्ण म्हणाला, पुढे गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्डचा नुसता पाऊस. त्याच सुनावणीत त्यांनी दिलेला शब्द मात्र आपल्याकडे फारसा कोणी ऐकला नाही, की एफबीआयच्या कोणत्याही कर्मचाऱ्यावर राजकीय सूड उगवला जाणार नाही. ५१ विरुद्ध ४९ मतांनी ते डायरेक्टर झाले. आणि ऑगस्टमध्ये ड्रिस्कॉल यांना तडकाफडकी काढलं. वॉशिंग्टन ऑफिस सांभाळणारे स्टीव्हन जेन्सन, तेही गेले. पत्रात कारण काय, तर राज्यघटनेचं दुसरं कलम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे अधिकार. बास.

सप्टेंबरमध्ये ड्रिस्कॉल, जेन्सन आणि आणखी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दावा लावला. दाव्यात म्हटलंय की पटेल यांनी ड्रिस्कॉलना सांगितलं, ट्रम्प यांच्यावरच्या केसेसवर काम केलेल्यांना काढलं तरच माझी स्वतःची नोकरी टिकणार आहे. हा अजून आरोप आहे, कोर्टात सिद्ध व्हायचाय. पटेल यांचं संसदेतलं म्हणणं असं की ज्यांचं काम निकषात बसलं नाही तेच गेले.

मग त्याच महिन्याच्या शेवटी वीसेक एजंट गेले, आणि त्यांचा गुन्हा म्हणजे एक जुना फोटो. जून २०२०, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यानंतर वॉशिंग्टनच्या रस्त्यावर प्रचंड जमाव, समोर एफबीआयचे एजंट, ज्यांना दंगल आवरायचं ना ट्रेनिंग ना ढाली. त्यांनी गुडघा टेकला. त्यांचं म्हणणं, वातावरण निवळावं म्हणून टेकला, नाहीतर गोळी चालली असती. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष ट्रम्पच होते आणि तेव्हाच्या वरिष्ठांनी कोणाची नोकरी घेतली नव्हती. पाच वर्षांनी घेतली.

(जुनी कृष्णधवल दृश्यं, जे. एडगर हूवर)

आता कोणी म्हणेल एफबीआय पूर्वी काय धुतल्या तांदळासारखी होती का. नव्हतीच. जे. एडगर हूवर १९२४ला डायरेक्टरच्या खुर्चीत बसले ते १९७२ला मरेपर्यंत उठले नाहीत, अठ्ठेचाळीस वर्षं. सत्तरीला निवृत्ती सक्तीची होती, तर १९६४मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी खास सूट देऊन तीही उठवली. एखाद्याला नियम वाकवून ठेवून घेणं हासुद्धा राजकीय हस्तक्षेपच, आणि माझ्या मते काढण्याइतकाच घातक, कारण हूवरकडे कोणाकोणाच्या फायली आहेत या धास्तीनं त्यांना हलवायची हिंमत कोणी करेना. म्हणून १९७६मध्ये कायदा झाला, डायरेक्टरला दहा वर्षं, एकदाच. उद्देश दुहेरी, फार टिकू नये आणि निवडणुकीबरोबर बदलूही नये. पण राष्ट्राध्यक्षांनी मध्येच काढू नये असं त्यात कुठे लिहिलंच नाही. १९९३ला क्लिंटननी डायरेक्टर विल्यम सेशन्सना काढलं, २०१७ला ट्रम्पनी कोमींना, ते लॉस एंजेलिसमध्ये आपल्याच स्टाफशी बोलत होते आणि मागच्या टीव्हीवर बातमी झळकली. क्रिस्तोफर रे तर काढायची वाट न बघता मुदतीआधीच स्वतः गेले.

मार्च २०१८मध्ये, नुकतेच क्रमांक दोनच्या पदावरून पायउतार झालेले अँड्र्यू मॅकेब, पन्नाशी पूर्ण होऊन पेन्शनीत निघायला दोन दिवस उरले होते, शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास बडतर्फ. त्यांच्या उत्तरांत प्रामाणिकपणा नव्हता असा अंतर्गत चौकशीचा ठपका होता, तो लपवायचं कारण नाही. पण एवढ्या घाईचं उत्तर सरकारला देता आलं नाही, २०२१मध्ये तडजोड झाली, पेन्शन परत, थकलेले दोन लाख डॉलर परत, आणि वरिष्ठांना निरोपाला मिळतात त्या एफबीआयच्या कफलिंक्ससुद्धा देऊ असं त्या करारात लिहून घेतलं. तीन वर्षं भांडून.

एजंटांच्या राजकीय कलाची तक्रार सगळीच हवेतली नाही हेही सांगितलं पाहिजे. एफबीआयचे वरिष्ठ अधिकारी पीटर स्ट्रॉक यांनी ट्रम्पविरोधी मेसेज लिहिले, ते स्वतःच्या हातांनी लिहिले, त्यावर कारवाई व्हावी की नाही यावर भांडता येतं. पण दिलेली केस केली म्हणून? आणि त्याच वेळी सहा जानेवारीच्याच प्रकरणात आरोपी असलेला, माफीच्या लाटेत सुटलेला एक माजी एजंट न्याय खात्यात सल्लागार म्हणून आत येतो. उद्या एखाद्या मंत्र्याची फाइल टेबलावर आली तर एजंट आधी पुरावा बघणार की पुढची निवडणूक कोण जिंकेल ते बघणार?

सगळ्यात वाईट वाटतं ते कायद्यातल्या एका फटीचं. अमेरिकेत बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांना काढलं तर स्वतंत्र मंडळाकडे अपील करता येतं. एफबीआयला त्यातून वगळलंय, फक्त माजी सैनिक असाल तर दार उघडं. बाकीच्यांना वाचवत होती ती नुसती प्रथा, की वर कोणी का येईना, खालच्या तपास करणाऱ्याला हात लावायचा नाही. ती प्रथा २०२५मध्ये मोडली. म्हणून हे लोक आता थेट घटनेतल्या हक्कांवरून कोर्टात भांडतायत, स्वतः वकील लावून. संसदेनं ठरवलं तर अपीलचा तोच हक्क सगळ्या एजंटांना देणारी दुरुस्ती करता येईल, आणि ती दोन्ही पक्षांनी मिळून करावी, कारण पुढच्या वेळी खुर्चीत कोण असेल हे दोघांपैकी कोणालाच माहीत नाही.