ओसरीवरचा नववा अध्याय
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: सातपुड्याची निळसर कड. पळसाची रांग. गाडीवाट.)

मार्च संपत आला आहे. अचलपूर मागं टाकून मेळघाटाच्या दिशेनं निघालं की दोन्ही अंगांना पळस असा पेटलेला दिसतो. पळसाला पानं तीनच म्हणतात. या दिवसांत तीही नसतात, उरतं ते फक्त फूल. ख्रिस्ती मंडळ्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ साधारण याच फुलांबरोबर येतो. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, पुढं आहेत. आपण चाललोय ते एका ओसरीवर, जिथं अशीच एक छोटी मंडळी बायबल वाचायला बसते.

(दृश्य: सारवलेली ओसरी. चपलांचा ढीग. भिंतीवरचं कॅलेंडर, कॅमेरा जवळ जातो.)

शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात तुरीच्या शेंगांचं कुटार भरलेलं पोतं, आणि भिंतीवर बाजारातून आणलेलं हे कॅलेंडर. निळे डोळे, सोनेरी केस, गुळगुळीत चेहरा. घरोघरी हेच चित्र आहे, म्हणून त्याबद्दल आधीच बोलून घेऊ. येशूचा चेहरा कसा होता हे त्याचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत कुठंही लिहिलेलं नाही. उंची नाही, वर्ण नाही, डोळ्यांचा रंग नाही. उलट जुन्या करारात यशया संदेष्टा त्रेपन्नाव्या अध्यायात ज्या दुःखी सेवकाचं वर्णन करतो, त्याच्याविषयी तो सांगतो की मन ओढून घ्यावं असं रूप त्याला नव्हतंच. लोकांनी त्याच्यापासून तोंड फिरवलं. ख्रिस्ती लोक हा अध्याय येशूबद्दलचा म्हणूनच वाचत आले आहेत.

तरीही या ओसरीवरची माणसं म्हणतात, तो सुंदर आहे. त्यांना नेमकं काय दिसलं, हे विचारायला आम्ही इथं आलो.

(दृश्य: संध्याकाळ. माणसं बसताहेत. लाईन जाते. मोबाईलचा उजेड पुस्तकावर.)

लाईन गेली. इथं कुणाला त्याचं नवल नाही. वाचणारा हा पोरगा दिवसभर गावात वायरिंगची कामं करतो, म्हणून अंधारात हसू त्याच्यावरच येतं. मोबाईलचा उजेड शेजारच्यानं धरलाय. पोरानं उघडलंय ते योहानाचं शुभवर्तमान, नववा अध्याय, जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाचा.

आता वाचनाची रीत नीट बघा. या रीतीसाठीच आम्ही हा माहितीपट केला. पोरगा पाच ओव्या, म्हणजे बायबलची पाच वचनं, वाचतो, जास्त नाही. पुस्तक मिटत नाही, बोट ओवीवर ठेवून थांबतो. मग ज्याला वाटेल त्यानं तेवढंच आपल्या बोलीत सांगायचं, पुस्तकात नाही ते घालायचं नाही. कुणी चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो. पुन्हा त्याच पाच ओव्या. आणि शेवटी एकच प्रश्न: याच्यात तो कसा दिसला? 'आपण काय करायचं' हा प्रश्न त्या दिवशी घेतच नाहीत. पाळक परतवाड्याहून महिन्यातून दोनदा येतात, तेव्हा तेसुद्धा खाली बसतात आणि पोराचं वाचन ऐकतात. एका अध्यायाला चार-चार संध्याकाळी लागतात. घाई करणारे लोक याला वेळखाऊ म्हणतील. मोठे मंडप, मोठे भोंगे आणि एका रात्रीत शेकडो हात वर गेलेले आम्हीही पाहिले आहेत. त्याचं चित्रण या माहितीपटात नाही. इथं पाहायचं आहे ते हे, पाच ओव्यांवर थांबलेलं बोट.

(दृश्य: आजीचा चेहरा, उजेडाच्या कडेला. तिचा हात.)

आजीला अक्षर येत नाही. येशू जमिनीवर थुंकला, थुंकीनं माती कालवली आणि ती त्या आंधळ्याच्या डोळ्यांना लावली, एवढं वाचून झालं. ओसरीवर थोडी चुळबुळ झाली. थुंकी म्हटल्यावर कुणालाही कसंतरीच होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजीनं स्वतःचं बोट असं उचललं.

'माय नाई का लेकराच्या डोयात काजय घालत? बोटानंच घालते. तसंच केलं त्यानं. आजवर त्याच्या डोयाले कोनी हात लावला असंन का?'

याच गोष्टीवर प्रवचनं आम्ही अनेक ऐकली होती. ते बोट मात्र आम्हाला त्या संध्याकाळी दिसलं.

(दृश्य: दुसरी संध्याकाळ, तिसरी संध्याकाळ. तीच माणसं, वेगळ्या जागी बसलेली.)

त्या आंधळ्यालाही येशू एकदम दिसला नाही, हे या रीतीनं वाचलं की ध्यानात येतं. आधी विचारलं तर तो म्हणतो, येशू नावाचा एक माणूस. थोड्या वेळानं म्हणतो, संदेष्टा आहे. मग, देवाकडून नसता तर याला काही करता आलं नसतं. आणि अगदी शेवटी 'प्रभू' म्हणून तो नमन करतो. डोळे पहिल्याच घटकेला बरे झाले होते. पाहणं मात्र अध्याय संपेपर्यंत चाललं. मार्काच्या आठव्या अध्यायात बेथसैद्याचा आंधळा आहे, त्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं चालत्या झाडांसारखी दिसली आणि दुसऱ्या स्पर्शानंतर स्पष्ट. ओसरीवरच्या लोकांना हा माणूस फार आवडतो. आपल्यातलाच वाटतो, म्हणतात.

अध्यायाच्या शेवटाकडं त्या बऱ्या झालेल्या माणसाला धर्मपुढारी बाहेर घालवतात. मग येते ती ओवी इथं तीन वेळा वाचली गेली: त्याला बाहेर घालवल्याचं येशूच्या कानी आलं, आणि तो त्याला भेटला. पाणी भरून आलेली एक काकू दाराशी उभ्यानंच बोलल्या, 'म्हंजे शोधत गेला असंन. हाकलल्या मानसाले कोन शोधते बाप्पा?'

बाहेर घालवलं जाणं इथंही आहे. काहींच्या घरी सोयऱ्यांनी येणं सोडलं, आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत.

(दृश्य: नागपूर रेल्वे स्थानक. पूर्वेकडं निघालेली गाडी. खिडकीतून पळणारी शेतं.)

एक जुनी गोष्ट याच प्रदेशातून रुळांवरून निघाली होती. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कवी, संस्कृतचे जाणकार, त्या काळी नागपुरात कामाला होते. १८९३ च्या सुमाराला ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं, आणि उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला तो काही भक्तीनं नव्हे, दिलेला शब्द पाळायचा म्हणून. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि अडकले. डोंगरावरचं प्रवचन: आत्म्यानं दीन ते धन्य, शोक करणारे धन्य, सौम्य ते धन्य. त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना.

वाद हरले म्हणून टिळक ख्रिस्ती झाले नाहीत. त्या वाक्यांमागं उभा असलेला माणूस त्यांना मोहवून गेला. तरी बाप्तिस्मा व्हायला १० फेब्रुवारी १८९५ उजाडला, मुंबईत. मधली दोन वर्षं वाचनाची, शंकांची आणि लपवाछपवीची. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते पुढं सांगत. ज्याचे कान अभंगानं तयार झालेत, त्याला दीनांचा कैवारी ओळखू येतो, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. लक्ष्मीबाईंना तर आणखी वेळ लागला. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्या उन्मळून पडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. एका घरातली दोन माणसं, आणि दोघांना तो दिसण्यात पाच वर्षांचं अंतर.

(दृश्य: ओसरी. खंजेरी, पेटी, टाळ. 'उपासना संगीत'ची जीर्ण प्रत.)

टिळकांची भजनं आजही या पुस्तकातून गायली जातात. साथीला खंजेरी आहे, आणि अमरावती जिल्ह्यात ती का आहे हे तुकडोजी महाराजांच्या मोझरीचं नाव माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही. थोडं ऐकू या.

(भजन. निवेदन नाही.)

(दृश्य: उत्तम शुक्रवारच्या आदली रात्र. परात, जर्मनची बादली, पंचा. दोन पाय.)

हे पाय बघा. या बाबाजींना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधानं रोग कधीच बरा झाला, पण नसा गेल्या त्या गेल्या. तळव्याला काटा कळत नाही, चटका कळत नाही. म्हणून रोज हे करावं लागतं: पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजू द्यायचे, गरम पाण्यात कधीच नाही, कारण भाजलेलं कळणारच नाही. जाड झालेली कातडी खरबरीत दगडानं हळू घासायची. पाय ओले असतानाच तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते आणि भेगा पडत नाहीत. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून उजेडात बघायच्या, जखम आहे का. पायाला दुखत नाही म्हणून डोळ्यांनी राखण करायची. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा दवाखाना आहे. अशा पायांची निगा तिथं वर्षानुवर्षं शिकवली जाते.

बाबाजी हे एरवी स्वतःच करतात. आज परातीपाशी बसलाय तो वायरिंगवाला पोरगा. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, बाहेरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ज्याच्या हाती पित्यानं सर्वकाही दिलंय असं त्याच्या आदल्याच ओवीत सांगितलंय, तो. पोरानं पंचा कमरेला बांधलाय. बघा, दगड फिरवताना तो टाचेवर श्वास रोखून धरतो. बाबाजी त्याच्याकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघताहेत.

मत्तयाचं डोंगरावरचं प्रवचन संपलं की आठव्या अध्यायात येशू खाली उतरतो, आणि समोर पहिला येतो तो कुष्ठरोगी. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातल्या नियमाप्रमाणं अशा माणसानं 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत दूर राहायचं होतं. नुसत्या शब्दानं येशूनं त्याच अध्यायात दुसऱ्या एकाला दुरूनच बरं केलं आहे. म्हणजे हात लावायची गरज नव्हती. तरी त्यानं आधी हात पुढं करून स्पर्श केला, आणि मग म्हणाला, शुद्ध हो. सौंदर्य म्हणतात ते या गरज नसलेल्या स्पर्शात आहे. आधी गाव झाडायचं आणि मग कीर्तनाला उभं राहायचं, असा गाडगेबाबा ज्या मातीनं पाहिला, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाबाजींना आम्ही विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, 'मले त्याचं तोंड नाई माहीत. हात माहीत आहे.'

(दृश्य: पहाट. मागच्या खांबाला टेकलेला एक मुलगा.)

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, अंधारातून उजेड व्हावा असं ज्या देवानं सांगितलं, तोच आमच्या अंतःकरणांत प्रकाशला, म्हणून ख्रिस्ताच्या मुखावर देवाचं गौरव दिसलं. म्हणजे हे दिसणं हुशारीनं मिळवायचं नाही. डोळे उघडणारा दुसरा आहे. ओसरीवर याला कृपा म्हणतात आणि पवित्र आत्म्याचं काम म्हणतात. आम्हीही तेच मानतो. माणसाच्या हाती आहे ते ओसरीवर येऊन बसणं, आणि ऐकणं.

खांबाशी बसलेला हा मुलगा अमरावतीला कॉलेजात आहे. सगळ्या संध्याकाळी तो इथं होता. त्यानं सांगितलं, 'गोष्ट समजते मले. पन तुमाले जे दिसते, थे मले नाई दिसत अजून.' आजीनं ते ऐकलं आणि त्याच्या पुढ्यात मुरमुऱ्याची ताटली सरकवली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला.

(दृश्य: जून. काळी ओली जमीन. शेतात ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा.)

आता जून. पहिला पाऊस होऊन गेलाय. उभ्या-आडव्या काकरांनी शेत आखलंय, आणि दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात त्या प्रत्येक फुलीवर कपाशीचं बी टोबायचं.

ओसरीवर योहानाचा बारावा अध्याय चालू आहे. काही ग्रीक लोक सणाला यरुशलेमेत आले होते. ते फिलिप्पाला म्हणाले, महाराज, येशूला भेटावं अशी आमची इच्छा आहे. फिलिप्पानं अंद्रियाला सांगितलं, दोघांनी मिळून येशूला सांगितलं. आणि येशूनं उत्तर दिलं ते गव्हाच्या दाण्याचं: जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो.

(दृश्य: आजीचा हात. पाकिटातलं रंग लावलेलं बी. फुलीवर दोन दाणे. अंगठ्यानं सारलेली माती.)

आजी ओळीत तिसरी आहे. वायरिंगवाला पोरगा आज सुट्टी टाकून आलाय, तो तिच्या पुढं. कॉलेजातला मुलगा पाकीट धरून मागं चाललाय. आजीनं दोन दाणे घेतले, फुलीवर ठेवले, अंगठ्यानं माती सारली. मग पुढच्या फुलीवर.

(इथून पुढं फक्त शेतातला आवाज.)