इसामाल: पिरॅमिडच्या शेजारचं गाव

नमस्कार मंडळी! आज मेक्सिकोला जाऊया, युकातान राज्यात, मेरिदा शहरापासून पूर्वेला साधारण 70 किलोमीटरवर इसामाल म्हणून छोटंसं गाव आहे तिथे. सगळे चिचेन इत्सा, म्हणजे इथल्या मूळच्या माया लोकांचं प्राचीन शहर, बघायला पळतात, तिथे पिरॅमिडवर चढायला बंदी, खालून फोटो काढायचा की झालं. इसामालला मात्र पिरॅमिड गावातच आहेत, म्हणजे गल्लीतून चालताय, पिवळी घरं, एक दुकान, आणि मागे झाडंझुडपं वाढलेली टेकडी दिसते, ती टेकडी नसतेच!

सगळ्यात मोठा किनिच काक मो. उंची साधारण 35 मीटर, पण पसारा इतका अवाढव्य की आधी एक रुंद चौथरा चढायचा, वर मोकळं मैदानच लागतं, आणि मग त्याच्यावर पुन्हा दुसरा पिरॅमिड. मी गेलो तेव्हा वर चढू देत होते. दगड मोठमोठाले, पायऱ्या उंच, उतरताना गुडघे बोलायला लागतात, पण वरून सगळं सपाट युकातान दिसतं. माया लोकांची श्रद्धा अशी की इथला सूर्यदेव भर दुपारी मकाव पोपटाच्या रूपात खाली यायचा आणि नैवेद्य जाळून जायचा. त्या उन्हात उभं राहिलं की पटतं हो, म्हणून सांगतो, सकाळी लवकर जा.

आता समोर बघा, गावाच्या मधोमध पिवळाधमक मठ. स्पॅनिश आले, त्यांनी इथल्या एका माया देवळाचा वरचा भाग पाडला आणि त्याच चौथऱ्यावर, त्याच दगडांनी फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ बांधला, 1561 मध्ये पूर्ण झाला. काही दगडांवर जुनी माया नक्षी अजून दिसते, शोधत बसायला मजा येते. पुढचं अंगण कमानींनी वेढलेलं, प्रचंड, आणि 1993 मध्ये खुद्द पोप जॉन पॉल दुसरे इथे येऊन गेलेत. याच मठात दिएगो दे लांदा हा स्पॅनिश साधू होता, ज्यानं 1562 मध्ये मानी गावात माया पोथ्या जाळल्या, आणि गंमत बघा, नंतर त्यानंच माया लोकांवर जे लिहून ठेवलं त्याच्यावाचून आज अभ्यासकांचं पान हलत नाही. मला तरी त्याला माफ करवत नाही, पोथ्या गेल्या त्या गेल्याच.

काबुल नावाचा पिरॅमिड तर घरांच्या आड दडलाय. 1840च्या दशकात कॅथरवुड या चित्रकारानं त्याच्या भिंतीवरचा चुन्याच्या गिलाव्याचा राक्षसी चेहरा चितारला होता, आज तो चेहरा जागेवर नाही, बघायचा तर त्या चित्रातच.

भूक लागली की चौकाजवळ पोक चुक मागवा, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसातलं भाजलेलं डुकराचं मांस. शाकाहारी असाल तर सिकिल पाक विचारा, भोपळ्याच्या बिया नि टोमॅटोची चटणीच ती. हाबानेरो मिरची मात्र आधी जिभेच्या टोकावर लावून बघा, मग वाढून घ्या!