सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा

मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या शाफ्टचं, मागचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी कडी) कसं बदलायचं, तिथे येतोच, पण आधी माझ्या मनातलं बोलून घेतो, नंतर तुम्ही चहाकडे पळणार.

माझं म्हणणं असं की सील गळतं तेव्हा दर वेळी दोष सीलचाच नसतो. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, क्रँक फिरतो त्या पेटीत, उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर, आणि ती तुंबली की कुकरची शिट्टी अडकल्यासारखं होतं, प्रेशर मिळेल तिथून वाट काढतं, आणि सगळ्यात नाजूक जागा कुठली, तर सीलची लिप, शाफ्टला टेकलेली पातळ कडा.

आमच्या मारुती ८०० चं ऐका. इंजिन-गिअरबॉक्स जुळतात तिथून तेल टपकायचं. एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं, वाकून कसलं, उभ्या उभ्याच, आणि निकाल दिला, "मागचं सील गेलंय साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." उतरवला. सील काही शे रुपयांचं, लेबर हजारांत, वर "उघडलंच आहे तर क्लच प्लेटपण टाकून घेऊ". (हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी हात वर करा. कोणी नाही? वाटलंच.) पावसाळा संपायच्या आत पार्किंगमध्ये परत डाग! विचारायला गेलो तर म्हणे सील डुप्लिकेट आलं असेल. अरे, आणलं कोणी, तूच ना?

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर प्लास्टिकची पिशवी धरली. टम्म फुगली. ठणठणीत इंजिनात ती आत ओढली जाते नाहीतर नुसती थरथरते. मग इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरकडून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदरचा पाइप काढला, तर आत काळा घट्ट बोळा. धुतला, डाग बंद. आता पाइप साफ असूनही पिशवी फुगली तर मात्र रिंगा गेल्यात, ते दुखणं वेगळं.

जाता जाता, जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात मागे रबरी सील नव्हतंच, क्रँकवर आटे पाडलेले, शाफ्ट फिरला की तेल परत आत ढकलायचे. गाडी उभी केली की... काय? पाच मिनिटं? बरं, पटापट.

आधी इंजिन धुवा, टाल्कम पावडर मारा, गाडीने चक्कर मारून या, गळती कुठून ते पावडरीवर दिसेल, कारण टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं तरी तेल ओघळून गिअरबॉक्सच्या जोडापाशीच टपकतं. मग गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवा. जुनं सील काढताना शाफ्टला स्क्रूड्रायव्हर लागू देऊ नका, एक ओरखडा आणि नवं सीलही गळणार. सीलवर ३५×५०×८ असं काही असेल तर ते मिलिमीटरमध्ये शाफ्टचा व्यास, घराचा (सील बसतं त्या भोकाचा) व्यास, जाडी. साधं नायट्राइल रबर शंभर डिग्रीच्या वर सतत राहिलं की कडक होतं, व्हायटॉन दोनशेपर्यंत टिकतं, मिळालं तर तेच घ्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपला तेल लावा, पण पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असेल तर कोरडंच बसवा. शाफ्टवर खाच पडली असेल तर त्यावर स्लीव्ह, पातळ नळी, घाला. पुढचं सील आणि कॅम सील टायमिंग बेल्टच्या वेळीच उरका.

व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीलं राहिलीच! सकाळी स्टार्टला भसकन निळा धूर आला की त्यांच्यावर संशय. हेड न उघडताही ती बदलायला जमतं, स्पार्क प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये भरा, हाताने क्रँक फिरवून पिस्टन वर आणा, दोरीचा खालून आधार मिळतो आणि व्हॉल्व्ह आत पडत नाही. फक्त दोरीचं एक टोक बाहेर ठेवा.