पौर्णिमा पाहून जमणारे गायक

श्रोतेहो, नमस्कार.

आपली भजनी मंडळं एकादशीला जमतात. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावचं गायकमंडळ जमायचं ते पौर्णिमेच्या दिवशी किंवा तिच्या अलीकडच्या शुक्रवारी. यात धर्माचा काही संबंध नाही. यॉर्कशायरच्या टेकड्या तुडवत रात्री घर गाठायचं, तर वाटेवर चांदणं नको का?

७ जून १८३६ रोजी 'प्लाऊ इन' या सराईत काही हौशी मंडळी जमली आणि हडर्सफील्ड कोरल सोसायटी सुरू झाली. गाव लोकरीच्या गिरण्यांचं. पहिल्या नियमांतच लिहून ठेवलं होतं, की मासिक बैठकीत प्रत्येक सभासदाला तीन पेले बिअर आणि पाव-चीज मिळेल. आपल्याकडे भजनानंतर चहा फिरतो, तसंच हे. १८४२चा नियम मात्र मला खटकतो: समाजवाद्यांच्या सभांना जाणाऱ्याला इथे प्रवेश नाही! म्हणजे नुसता गळा असून भागत नव्हतं.

आता गाण्याचं सांगतो. आपण भजनात सगळे एकच चाल धरतो. इथे एकाच वेळी चार चाली चालतात: सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, टेनर आणि बास हे पुरुषांचे. शेजारचा वेगळं गातोय आणि आपण आपल्या सुरावरून ढळायचं नाही. करून बघा एकदा! दिवसभर राबून आलेल्या माणसांना हे जमायचं कसं? जॉन करवेन या इंग्रज पाद्र्यांनी १८४०च्या दशकात 'सोल-फा' पद्धतीचा प्रसार सुरू केला. डो, रे, मी... आणि यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच, हवा तिथे धरता येतो. पाच रेघांचं स्वरलेखन न शिकताही चार ओळी वाचता येऊ लागल्या. शिवाय नोव्हेलो कंपनीने छापील संगीत स्वस्त केलं. इंग्लंडच्या गिरणगावांत घरोघरी हँडेल हा अठराव्या शतकातला संगीतकार पोचला तो असा.

सोसायटी आजही गाते. १८८१ साली गावात टाउन हॉल उभा राहिला, आणि डिसेंबरात तिथे हँडेलचा 'मसाया', म्हणजे येशूवरची मोठी समूहगान-रचना, व्हायलाच हवा. पोटापाण्याचे उद्योग निरनिराळे, पण तालमीच्या संध्याकाळी सगळे हजर.

संगीतसंचालक माल्कम सार्जंट यांनी १९३२ पासून १९६७ पर्यंत, मरेपर्यंत, हे मंडळ सांभाळलं. त्यांच्या हाताखाली १९४६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'मसाया'तलं 'हालेलुया' आता ऐकू या. वरच्या सोप्रानोकडे कान आपोआप जाईल. तो जरा आवरा, आणि मधे कुठेतरी एकाच सुराला चिकटून बसलेल्या आल्टो सापडतात का, ते बघा.