खांदे आत, बाकी बाहेर

(दृश्य: कपड्यांचं कपाट. हँगर बाजूला सरकतात. कपाटाच्या छतात एक चौकोनी झाकण.)

नॉर्थ कॅरोलायनातलं एक बैठं घर. १९५० च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं. कपाटात घडीची शिडी कशीबशी मावली आहे आणि तिच्यावर एक माणूस उभा आहे. तळहाताने तो झाकण वर ढकलतो. इन्सुलेशनचा भुगा त्याच्या कॉलरवर सांडतो. आधी टॉर्च वर जाते, मग डोकं, मग खांदे. तिथे तो थांबतो. उजेड फिरतो: वासे, फळ्यांतून बाहेर आलेली खिळ्यांची टोकं, कोपऱ्यात एक तपकिरी डाग. दोन फोटो काढतो आणि खाली उतरतो.

हा अप्रेझर. घराची किंमत ठरवायला आलाय. तो खांद्यांपर्यंतच का गेला, कंबरेपर्यंत का नाही, याचं उत्तर सरकारी नियमपुस्तकात छापलेलं आहे.

(दृश्य: घराबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी.)

हे घर एफएचएच्या कर्जावर विकलं जातंय. फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, अमेरिकेची सरकारी संस्था, स्थापना १९३४. नावावरून वाटतं तशी ही संस्था कर्ज देत नाही. कर्ज बँकेचं. हप्ते थकले आणि बँकेचे पैसे बुडाले तर भरपाई एफएचएची. त्या विम्याचे पैसे मात्र कर्जदाराच्याच खिशातून जातात: सुरुवातीलाच कर्जाच्या १.७५ टक्के, वर दरवर्षीचे वेगळे. त्याबदल्यात क्रेडिट स्कोअर ५८० किंवा त्याहून वर असेल तर किमतीच्या साडेतीन टक्केच आधी भरून घर घेता येतं. तीन लाख डॉलरच्या घराला साडेदहा हजार.

(अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी जाता जाता: एच-१बी व्हिसावाल्यांना २५ मे २०२५ पासून हे कर्ज बंद झालंय. ग्रीन कार्ड असेल तर मिळतं.)

म्हणजे हे कर्ज घेणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच घर घेणारा असतो, आणि डाउन पेमेंट भरल्यावर त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. राहायला गेल्यावर दोन महिन्यांत छत गळायला लागलं, तर तो बादली लावेल. छत बदलणार नाही. पुढे हप्ताही चुकेल, आणि ते लोण एफएचएपर्यंत पोहोचेल. म्हणून एफएचए अप्रेझरला सांगते, किंमत तर ठरवच, पण घर राहण्याजोगं आहे का तेही बघून ये.

‘बघून ये’ म्हणजे किती? एफएचएचं नियमपुस्तक, हँडबुक ४०००.१, सप्टेंबर २०१५ पासून लागू. त्यात हे असं लिहिलंय. छताचं निदान दोन वर्षांचं आयुष्य शिल्लक हवं. संडासाचा फ्लश ओढून पाहायचा, काही नळ सोडून पाहायचे, काही दिव्यांची बटणं दाबायची, पण वीजपेटी खोलून पाहायची सक्ती नाही. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगाचे पोपडे शोधायचे, कारण त्या रंगात शिसं असू शकतं आणि रांगतं मूल ते पोपडे तोंडात घालतं. बोअरचं पाणी असेल तर बोअर आणि सेप्टिक टँक यांच्यातलं अंतर बघायचं. आणि माळ्याचं झाकण अरुंद असेल तर निदान डोकं आणि खांदे आत घालायचे. सामान हलवायची सक्ती नाही, इन्सुलेशन उकरायची सक्ती नाही.

(दृश्य: घराची मागची बाजू. जमिनीलगत एक बुटकं लाकडी दार.)

दक्षिणेकडच्या घरांना खाली आणखी एक पोट असतं. जमीन आणि फरशीच्या तुळया यांच्यामध्ये रांगत जाता येईल एवढी पोकळी, क्रॉल स्पेस. मांजर सहज जातं, माणसाला पोटावर सरकावं लागतं. आत अंधार, कोळ्याची जाळी, एखादी जुनी रंगाची बादली, लाल चिकणमाती. इथेही तोच नियम: डोकं आणि खांदे. दारच नसेल, पण फरशीखाली ओल दिसत असेल किंवा बुरशीचा वास येत असेल, तर तसं लिहायचं आणि पुढची तपासणी जाणकाराकडून करून घ्यायला लावायची.

बुरशीचा वास! किंमत ठरवायला आलेल्या माणसाच्या नाकालाही सरकारने कामाला लावलंय.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. नव्या वसाहती, एकसारख्या घरांच्या रांगा.)

सुरुवातीला सरकारला वास वेगळाच यायचा. एफएचएच्या १९३८ च्या नियमावलीत मूल्यांकन करणाऱ्यांनी आजूबाजूला ‘न जुळणारे’ वंशगट आहेत का ते पाहावं असं लिहिलेलं होतं. वासे धड असले तरी शेजारी काळे असले की घराचे गुण कमी. अप्रेझरने किती खोल पाहावं यावर आज वाद घालताना, त्याला एकेकाळी नेमकं काय पाहायला पाठवलं जायचं हेही माहीत असावं.

आता एक गोष्ट १९५७ ची. व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया. एका दांपत्याने २४,००० डॉलरला घर घेतलं. एफएचएच्या अप्रेझरने ते २२,७५० ला धरलं होतं आणि तो आकडा कायद्याने खरेदीदाराला दाखवायचाच होता. त्यांनी तो पाहिला, विश्वास ठेवला, राहायला गेले. थोड्याच दिवसांत छताला आणि भिंतींना तडे गेले. दोष घराखालच्या मातीत निघाला. अप्रेझरने नीट पाहिलं असतं तर कळलं असतं असं म्हणत ते कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने घराची खरी किंमत १६,००० ठरवली आणि फरकाचे ८,००० द्यायला सांगितले.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६१ मध्ये जिंकलं. चुकीच्या माहितीमुळे झालेल्या नुकसानाबद्दल सरकारवर दावा चालत नाही, असा तो कायदा. निकाल कायद्याला धरून असेलही. पण त्या दांपत्याच्या जागी बसून वाचा. ज्या कागदाकडे पाहून त्यांनी घर घेतलं, तो सरकारचा स्वतःचा हिशेब होता. त्यांना तो नुसता दाखवला होता.

अहवाल आपल्यासाठीच आहे, हा खरेदीदाराचा गैरसमज तेव्हापासून मिटलेला नाही. अहवाल ज्याच्यासाठी लिहिला जातो तो बँकवाला आणि एफएचए. खरेदीदार पैसे भरतो, पण गिऱ्हाईक तो नव्हे.

यावर उपाय म्हणून सरकारने दोन्ही टोकं गाठून पाहिली. १९९९ मध्ये अप्रेझरच्या हाती दोषांचा एक लांबलचक तक्ता दिला. प्रत्येक रकान्यात खूण करायची, खूण झाली की दुरुस्ती. झालं असं की विकणाऱ्यांनी एफएचएचं गिऱ्हाईक म्हटलं की नाक मुरडायला सुरुवात केली. २००५ च्या डिसेंबरात तो तक्ता गेला. तडकलेली काच, गळका नळ, मळका गालिचा, वाळवीच्या जुन्या, आता जिवंत नसलेल्या खुणा यांसाठी आपोआप दुरुस्ती नको, जीवाला किंवा घराच्या मजबुतीला धोका असेल तेवढंच बघा, असं ठरलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. मळका गालिचा कुणाला बुडवत नाही.

मग २०२० चा मार्च आला. करोनात कुणी कुणाच्या घरात शिरेना. एफएचएने अनेक कर्जांसाठी रस्त्यावरून घर पाहायला, काहींसाठी तर टेबलावर बसून कागद पाहायला परवानगी दिली. २०२१ च्या मध्यापर्यंत. काल डोकं आणि खांदे हवे होते, आज डोळेही नकोत. विमा मात्र तोच.

(दृश्य: अप्रेझर गाडीच्या डिकीतून टॉर्च काढतो. गुडघ्यावर लाल माती.)

अप्रेझर लोकांचं म्हणणं साधं आहे. आम्ही शेजारच्या तीन विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून किंमत काढायला शिकलो. प्लंबर नाही, गवंडी नाही. दोष बघायला होम इन्स्पेक्टर असतो, दोन-तीन तास घालवतो, छतावर चढतो, वीजपेटी उघडतो. एफएचए स्वतः बँकेमार्फत खरेदीदाराला एक कागद देते: घराच्या स्थितीची हमी आम्ही देत नाही, तपासणी तुम्ही करून घ्या.

बरोबर आहे. पण ती तपासणी ऐच्छिक, आणि तिचे काहीशे डॉलर वेगळे. डाउन पेमेंट भरून हात रिकामे झालेला माणूस काय म्हणतो? ‘अहो, सरकारचा माणूस येऊन गेला की!’ आणि आलाच होता. फ्लश ओढला होता, माळ्यावर डोकं घातलं होतं. तपासणीसारखंच दिसलं सगळं.

मला विचाराल तर अप्रेझरला आणखी आत ढकलण्यात अर्थ नाही. कंबरेपर्यंत घातला तरी कुजलेली तुळई कोणती हे त्याला सांगता येणार नाही, आणि चुकीचं सांगितलं तरी त्यासाठी सरकारवर दावा चालत नाही, हे १९६१ मध्येच ठरलंय. जुन्या घरांना इन्स्पेक्टरची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा खर्च सुरुवातीच्या त्या १.७५ टक्क्यांतून करावा. विमा देणाऱ्याने माल तपासायचे पैसे गिऱ्हाइकाकडून दोनदा का घ्यावेत? आणि अप्रेझर जिथे थांबला ती जागा अहवालाच्या पहिल्या पानावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. तरुण जोडपं, लॅपटॉप.)

अहवाल कर्जाच्या सह्यांच्या किमान तीन कामाचे दिवस आधी खरेदीदाराला मिळायला हवा, असा २०१४ पासून नियम आहे. तो आलाय. ती पानं सरकवत सरकवत आकड्यापाशी थांबते. ठरलेल्या किमतीइतकाच आकडा. तो फोन उचलतो, आईला सांगायला.

खाली, बऱ्याच पानांनंतर, बारीक अक्षरांत एक ओळ आहे. माळा: झाकणातून डोके व खांदे घालून पाहिला, मागील भाग दिसला नाही. शेजारी फोटो. टॉर्चच्या उजेडात वासे, खिळ्यांची टोकं. डाग फोटोच्या कडेला अर्धाच आलाय.

लॅपटॉप मिटतो.