धूर दिसत नाही, म्हणून गाडी स्वच्छ?

श्रोतेहो, नमस्कार.

डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा काही वायू मुद्दाम परत इंजिनातच सोडतात. या व्यवस्थेला ईजीआर म्हणतात. बाहेर टाकलेली घाण पुन्हा आत कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, झपाट्याने तयार होऊ लागतात. फुप्फुसांना ती बाधतातच, शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोनही तयार होतो.

जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. हा वायू कूलरमधून थंड करून ताज्या हवेत मिसळला, की ऑक्सिजनचं प्रमाण उतरतं आणि ज्वाळेची बरीच उष्णता तो शोषून घेतो. तापमान घटतं, नॉक्सही घटतं. चढावर, भरल्या गाडीला ऑक्सिजन हवाच असतो. तेव्हा ईजीआरचा व्हॉल्व्ह, म्हणजे या वायूच्या वाटेवरची झडप, तो कमी सोडतो.

याची किंमतही मोजावी लागते. ऑक्सिजन कमी पडल्याने काजळी पुरती जळत नाही. नॉक्स दाबलं की काजळी डोकं वर काढते, म्हणून पुढे काजळी अडवणारा फिल्टर लागतो. जुन्या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ्यांचा भाग, उघडून पाहा: काजळीत तेलाची वाफ मिसळून आत डांबरासारखा चिकट थर बसलेला असतो, कधी अर्धी वाट बुजलेली. त्यात व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर गाडी ओढत नाही, काळा धूर मारते.

मग व्हॉल्व्हच्या वाटेत पत्रा घालून ईजीआर बंद करतात. धूर कमी होतो, पिकअप सुधारतो, मालक खूश. मला काळजी वाटते ती नेमकी इथे. नळीतून निघणारं नॉक्स बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड, आणि त्याला रंगच नाही. ते कितीतरी वाढलं तरी मागून येणाऱ्याला दिसत नाही. श्वासातून मात्र त्याच्या आत जातं. नॉक्स कमी करणारी, युरियावर चालणारी यंत्रणा असलेल्या गाडीतही हा जादा बोजा त्या यंत्रणेवर पडतो.

म्हणून पत्रा घालू नका. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ करून घ्या, आणि एवढी काजळी येते कुठून तेही तपासायला सांगा: इंजेक्टर डिझेल नीट फवारत नाही, की एअर फिल्टर तुंबलाय, की टर्बोतून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून, तेल येतंय?